वस्तरा आधी फिरवायचा की नंतर

मामा, आज बुधवार. तुमच्या दाढीचा दिवस. तुमचा तेरावाही नेमका आजच आला आहे. आठ वाजता तुमचा पुतण्या गणपत टेम्पो घेऊन दारात येईल, मग आम्ही सगळे शिवऱ्याहून पालीला तुमच्या घरी जाऊ. सुमन आत डबे भरते आहे. मी मागच्या पडवीत तुमचा वस्तरा मांडीवर घेऊन बसलो आहे. धार लावायचा चामड्याचा पट्टा नेहमीच्या खुंटीला आहे. वस्तरा पट्ट्यावर दाढीच्या आधी फिरवायचा की नंतर, एवढाच प्रश्न आहे, आणि कापूरहोळात बसून तालुक्याच्या पाणीपंपांच्या जळलेल्या मोटारींत तार भरून देणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला त्याचं उत्तर येत नाही.

हसू नका. तुम्ही शुक्रवारी सकाळी अर्धा कप चहा घेतलात, भिंतीकडे तोंड केलंत आणि गेलात. कुणाला उठवलं नाही, कुणाला बसवलं नाही. रडायचं तेवढं आम्ही रडलो. पण परवाच्या रविवारपासून, म्हणजे तुमच्या दहाव्यापासून, मला धड दुःखही करता येईना. मी तुमच्यावर चिडलोय की मला तुमची आठवण येतेय, हेच कळत नाही. बहुतेक दोन्ही.

सुमनशी माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. आपल्याकडच्या रीतीनं सासऱ्याला मी मामा म्हणू लागलो आणि तुम्ही मला पाव्हणं. या सव्वीस वर्षांत माझं नाव तुमच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. मी पालीला आलो की तुम्ही उठून उभे राहायचात. घोंगडी झटकून टाकायचात, पाण्याचा तांब्या स्वतः आणून द्यायचात. मी पाया पडायला वाकलो की दोन पावलं मागे सरकायचात. "जावयानं पाया पडायचं न्हाई. आमाला पाप लागतं." माझे वडील मी सहावीत असताना गेले. मला कुणाच्या तरी पाया पडायचं होतं, आणि तुम्ही दर वेळी पाय मागे घेत होतात.

मामी गेल्या, पाठोपाठ तुम्ही खाचराच्या बांधावरून घसरलात, खुब्याचं हाड मोडलं. मुलगा नाही. मग चार वर्षांपूर्वी आम्ही तुम्हाला शिवऱ्याला आणलं. आणलं म्हणजे काय, महिनाभर भांडलो. लेकीच्या घरी राहायचं नाही, लेकीच्या घरचं खायचं नाही, हेच पालुपद. शेवटी तुम्ही आलात ते टेम्पोत स्वतःच्या शेतातल्या तांदळाची सहा पोती टाकून. दर सुगीला गणपत तेवढीच पोती आणून टाकायचा. सुमन तोच तांदूळ सगळ्यांना शिजवायची, म्हणजे तुम्ही आमचं खात नव्हतात, आम्हीच तुमचं खात होतो. मी एकदा खोचकपणे विचारलं, "मामा, पाण्याचं काय करायचं?" तुम्ही घोट घेता घेता म्हणालात, "पानी काय तुमचं न्हाई पाव्हणं. पंचायतीचं हाय." रीतही मोडायची नाही आणि उपाशीही राहायचं नाही, हे तुम्हालाच जमायचं.

पण माझ्या हातची सेवा घ्यायची नाही, यात मात्र कुठलीच पळवाट नव्हती. काठी खाली पडली तर मी उचलायच्या आत तुम्ही पायानं ओढून घ्यायचात. अंघोळीचं पाणी मी काढलं तर म्हणायचात, आज अंग कसकसतंय, अंघोळ नको. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा ग्रह तुमच्याच राशीला बसून होता आणि तुम्ही त्याला लांबूनच नमस्कार करत होतात.

आणि मग तो वस्तरा. लांब पात्याचा, शिंगाच्या मुठीचा. भोरच्या बबनरावांनी आपल्या सलूनमध्ये ब्लेडचे वस्तरे आणले तेव्हा आपला जुना वस्तरा आणि पट्टा तुम्हाला देऊन टाकला होता, कारण त्यांच्या पेठेतल्या दुकानात बसून तासन्‌तास गप्पा मारणारे तुम्ही एकटेच. तेव्हापासून बुधवारी आणि रविवारी तुम्ही स्वतःची दाढी स्वतः करायचात. आमच्याकडे आल्यावरच्या पहिल्याच थंडीत एका बुधवारी दाढी उरकून तुम्ही तोंड पुसलंत आणि मला हाक मारलीत.

"पाव्हणं, येळ हाय का? वस्तरा फिरवून देता का जरा?"

मी कापूरहोळचं गिऱ्हाईक ताटकळत ठेवून धावलो. तुम्ही मला पट्ट्याचं टोक खुंटीला अडकवायला लावलंत, दुसरं टोक डाव्या हातात ताणून धरायला सांगितलंत. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे. पातं पट्ट्यावर सपाट टेकवायचं, दाबायचं नाही. टोकाला गेलं की पाठीवर उलटवायचं, धारेवर कधीच नाही, आणि परत आणायचं. मी तिसऱ्याच फेऱ्याला ते धारेवर उलटवलं आणि पट्ट्याला बोटभर चीर पाडली. मला वाटलं, संपलं, आता हेही काम गेलं. तुम्ही चिरेवरून अंगठा फिरवला. "पट्टा कापला, गाल न्हाई कापला. ब्येस झालं." ती चीर अजून आहे. तिथं आलं की माझा हात आपोआप हलका होतो.

नियम तुम्ही मला तीनतीनदा म्हणून घेतलात. दाढी झाली की वस्तरा धुवायचा, कोरडा करायचा, लगेच वीस फेरे पट्ट्यावर द्यायचे. मग खोबरेल तेलाचं बोट. मग डबीत. पुढच्या दाढीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. "झाल्यावं फिरवायचा, पाव्हणं. आदी न्हाई. ध्येनात ठिवा." मी ध्यानात ठेवलं. चार वर्षं, आठवड्यातून दोनदा. गिऱ्हाईक बोंबलत राहिलं तरी बुधवारी दुकान उशिरा उघडलं.

वीस फेऱ्यांना काही तास लागत नाही. पण तुम्ही तो वेळ ताणायचात. पाचव्या फेऱ्याला तुम्हाला पालीचं काही आठवायचं. गडावर चढणारी शहरातली पोरं पाणी मागायला यायची आणि मामी त्यांना आधी ताक द्यायच्या, हे तुम्ही मला किमान पंधरा वेळा सांगितलं असेल. मी हात थांबवून ऐकायचो. मग म्हणायचात, "व्हय, फिरवा, फिरवा. म्या आपलं उगंच." तुम्ही घरी एरवी माझ्याशी बसून कधी बोलला नाहीत. मी समोर आलो की पाव्हणं बसा, पाव्हणं जेवा, आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत. माझ्या हातात वस्तरा असला की मात्र तुम्ही जागचे हलत नव्हतात.

आपलं भांडण एकच झालं, तेही मिटलं नाही. दुसऱ्या वर्षी असेल. रविवारी सकाळी मी परसात आलो तर तुम्ही पेरूच्या झाडाखाली पाठमोरे उभे. दाढी अजून व्हायची होती. मी बुधवारी नीट वीस फेरे देऊन, तेल लावून ठेवलेला वस्तरा तुम्ही आपल्या तळहातावर फिरवत होतात. पुढे, मागे, पुढे, मागे. माझं डोकं फिरलं.

"मामा, माझ्या फिरवण्यावर भरवसा नाही का?"

तुम्ही दचकलात. चोरी पकडल्यासारखे. "न्हाई न्हाई. हात गरम करतुया. गारठा लई हाय."

"केसाएवढी तार भरतो मी मोटारीत. मला एक पातं नीट फिरवता येणार नाही?"

"तुमचा हात चांगलाय पाव्हणं. म्हणून तर दिलंय." एवढं बोलून तुम्ही आत गेलात. त्यानंतर मी तुम्हाला तसं करताना पुन्हा पाहिलं नाही. पण दाढीच्या दिवशी तुम्ही उजेडात पातं बघायच्या निमित्तानं पेरूखाली जात राहिलात आणि मी मुद्दाम तिकडे फिरकत नव्हतो. मनात मात्र ते कुसळासारखं राहिलं. म्हटलं, एवढी वर्षं झाली तरी परका तो परकाच.

आता तो शेवटचा बुधवार. त्याबद्दल तुमच्याशी बोलायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो.

तुम्ही आठ दिवस खाटेवर होतात. दम लागायचा. रविवारची दाढी कशीबशी बसून केलीत, पण बुधवारी हात वर होईना. सुमन म्हणाली, आप्पा, आज मी करते. लेकीनं बापाचं केलं तर त्याला कुठली रीत आडवी येत नाही, म्हणून तुम्ही मान हलवलीत. मी दारात उभा होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"पाव्हणं, आज आदी फिरवा."

मला वाटलं, तुम्ही भ्रमलात. "मामा, आधी नाही. झाल्यावर फिरवायचा. तुम्हीच सांगितलंय."

तुम्ही थोडा वेळ श्वास गोळा केलात. "आज आदी फिरवा. माझ्या हातात जोर न्हाई ऱ्हायला."

हे तुम्ही बोललात, मामा. शब्द न्‌ शब्द बोललात. आणि मी काय केलं? मी लहान पोराची समजूत काढावी तसा हसलो. म्हटलं, "नियम म्हणजे नियम. दाढी होऊ द्या, मग तुमच्यासमोर बसून वीसच्या जागी तीस फेरे देतो." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. "बरं. तुमी म्हंता तसं."

सुमननं दाढी केली. हनुवटीखाली वस्तरा अडखळत होता, तुमच्या डोळ्याच्या कडेला पाणी आलं, मी म्हटलं साबण गेला असेल, आणि पट्टा आणायला पडवीत गेलो. मग मी खाटेशेजारी बसलो, पट्टा खिडकीच्या गजाला बांधला आणि मोजून तीस फेरे दिले. चीर आली की हात हलका केला. तुम्ही डोळे उघडून शेवटपर्यंत बघत होतात. "लई ब्येस," म्हणालात. आपल्यातलं हे शेवटचं बोलणं.

दहाव्याला पालीच्या ओढ्यावर भोरहून बबनराव आले. गणपतनं हट्ट धरला होता की त्याचं डोकं चुलत्याच्याच वस्तऱ्यानं करायचं, म्हणून मी वस्तरा आणि पट्टा बरोबर नेला होता. बबनरावांनी वस्तरा उघडला, उजेडात पाहिला आणि आपल्या तळहातावर फिरवायला लागले. पुढे, मागे. मी मनात म्हटलं, यांचेही हात गार पडलेले दिसतात. डोकं करून झालं, वस्तरा माझ्याकडे आला. मी धुतला, पुसला, पट्टा करंजाच्या फांदीला अडकवला आणि सवयीनं फेरे द्यायला सुरुवात केली.

बबनराव हात धुता धुता थांबले. "पाव्हणं, ह्ये काय चाललंय?"

"फिरवतोय."

"आत्ता? काम झाल्यावं?" ते जवळ आले. "कुनी शिकिवलं तुमाला?"

"मामांनी. झाल्यावर फिरवायचा, आधी नाही."

म्हातारा खो खो हसला, मग ओढ्यावर दहाव्याला हसलो म्हणून ओशाळला. "आवं, दाडी झाल्यावं नुसता पुसायचा, त्याल लावायचं आन्‌ ठिवायचा. पात्याला ईसावा द्यायचा. पट्ट्यावं घ्यायचा त्यो दुसऱ्या दाडीच्या आदी. पट्टा नसंल तर तळहातावं. आत्ता फिरिवला म्हणून बिगडत काय न्हाई, पर उपेगबी न्हाई."

"मामा विसरले असतील," मी म्हटलं.

"इसरतोय कसला? म्याच शिकिवलंय त्येला. पेठंत माझ्याम्होरं उभा ऱ्हाऊन रोज करून दाखवायचा."

बिघडत काही नाही, पण उपयोगही नाही. मामा, चार वर्षं मी पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो आणि तुम्ही शेजारी बसून ताकाच्या गोष्टी सांगत होतात. खरं काम तुम्ही पेरूखाली जाऊन, पाठमोरं उभं राहून, तळहातावर उरकून घेत होतात. मला चोरून.

ओढ्यावरून परत येताना टेम्पोत मी तुम्हाला मनातल्या मनात भरपूर बोललो. म्हटलं, मला काय खुळखुळा दिला होता हातात? नको होती सेवा तर नको म्हणायचं. मग नसरापूरच्या पुढे ते तांदळाचं पोतं आठवलं. पंचायतीचं पाणी आठवलं. रीत मोडायची नाही आणि उपाशी राहायचं नाही. तुम्हाला मी जवळ बसायला हवा होतो का? आणि जावयाची सेवा घेतल्याचं पापही नको होतं? म्हणून असं काम शोधलंत का, ज्यात मी अर्धा तास तुमच्यापाशी बसेन पण तुमच्या अंगाला माझे कष्ट लागणार नाहीत? असं असेल तर तुमच्यासारखा लबाड माणूस दोन तालुक्यांत नाही, आणि तुमच्याइतकी माझी आठवण दुसऱ्या कुणी ठेवली नाही. पण असंच होतं हे कुणी सांगावं? कदाचित पहिल्या दिवशी पट्टा कापला तेव्हाच तुम्ही माझ्या हाताला भ्याला असाल. सुमनला विचारलं तर ती म्हणते, आप्पांच्या मनातलं आईलासुद्धा कळलं नाही, तुम्ही कुठं शोधत बसलाय.

एक गोष्ट मात्र मी कशीही उलटीपालटी केली तरी तशीच राहते. तुमचा नियम खरा असो, खोटा असो, त्या बुधवारी तुम्ही तो स्वतः मोडलात. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंत, ज्याचा तुमच्या अंगाला खरोखर उपयोग होता. आणि मी तुम्हाला तुमचाच नियम ऐकवला.

म्हणून आज सकाळी मी एक प्रयोग केला. आमचा धंदाच तो, मोटार कुठं जळली ते हात लावल्याशिवाय कळत नाही. आजवर मी टपरीवरच्या प्लास्टिकच्या रेझरनं दाढी केली, तुमचा वस्तरा स्वतःच्या तोंडाला कधी लावला नव्हता. आरसा पडवीच्या खांबाला टांगला, साबण लावला, आणि वस्तरा डबीतून काढून तसाच, न फिरवता, डाव्या गालावर ठेवला. पहिलं दोन बोटांचं अंतर तो ठीक गेला. हनुवटीखाली आल्यावर ओढायला लागला. केस कापत नव्हता, उपटत होता. माझ्या डोळ्यात पाणी आलं, मामा. साबण गेला नव्हता. खाली बारीकशी चीरही पडली.

सुमन डबा ठेवायला बाहेर आली. "आवं, रगात आलंय. काय झालं?"

"आधी फिरवला नव्हता," मी म्हटलं.

तिनं पदराचं टोक ओलं करून माझी हनुवटी पुसली. मग तिथंच खाली बसली.

"आप्पांनाबी ओढला त्या दिवशी," ती म्हणाली. "म्या म्हटलं, थांबते, त्येंला बोलावते. तर माझा हात धरला. म्हनले, त्येला सांगू नगं. पोराच्या जिवाला लागंल."

"‘त्येंला’ म्हणाले असतील."

"न्हाई. ‘त्येला’ म्हनले. ‘पोराच्या’ म्हनले. मलाबी जरा नवल वाटलं."

ती आत गेली. मी वस्तरा मांडीवर घेतला. अर्धं तोंड साबणाचं, अर्धं कोरडं. सव्वीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली तो एकेरी शब्द तुम्ही दिलात तो मला ऐकू येणार नाही अशा वेळी, आणि मी तुम्हाला दुखवत असताना. याचं मी काय करू, हे मला खरंच समजत नाही. चिडू तुमच्यावर? पाया पडू? आता तुम्ही पाय मागे तरी कुठे घेणार.

गणपतचा टेम्पो वळणावर आल्याचा हॉर्न ऐकू येतोय. उजवा गाल अजून राहिला आहे. पट्टा ताणून धरलाय. पाठ पुढे, धार मागे, दाबायचं नाही, चिरेपाशी हात हलका. गणपत वाजवत बसला तरी बसू दे.

मामा, आज आधी फिरवला. मोजून वीस फेरे.